ग्लो प्लगच्या डब्यातलं कुंकू

आमच्याकडे पाच सिलिंडरची डिझेल गाडी होती, आमच्याआधी दोन मालकांनी वापरलेली. अमेरिकेत, बॉस्टनपासून तासाभरावर असलेल्या आमच्या श्रूजबरीतल्या बाकी मराठी मंडळींकडे साध्या, पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या होत्या. डिझेल गाडी बाळगणं हे त्या काळी विचारी माणसाचं लक्षण समजलं जाई. निदान मी तरी तसं समजत होतो.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. थंडीत आधी प्रत्येक सिलिंडरमधला ग्लो प्लग, म्हणजे बोटाएवढा एक हीटर, तापावा लागतो. तोवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असतो आणि माणसाने हात जोडून बसल्यासारखं बसायचं असतं. दिवा विझला की मग किल्ली फिरवायची. सकाळी कामावर जाताना मला ही अर्ध्या मिनिटाची सक्तीची शांतता आवडायची, हे कबूल करतो.

बायको नागपूरची डॉक्टर. इथे आल्यापासून सहा वर्षं ती कुणाची डॉक्टर नव्हती. परदेशी डॉक्टरांची परीक्षा एकदा थोडक्यात हुकली होती. त्या वर्षी मात्र वुस्टरच्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं: डिसेंबरच्या परीक्षेत पास झालात तर जुलैपासून तुमची जागा ठेवतो. ते पत्र तिने फ्रिजवर न लावता पुस्तकात घडी घालून ठेवलं होतं. घरात त्या पत्राबद्दल कुणी बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. परीक्षा बॉस्टनला, सकाळी आठला. आठनंतर दार बंद, हे फॉर्मवर ठळक अक्षरात छापलेलं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी गाडीच्या वायरिंगचं काम काढलं. बॉनेटखाली, बाजूच्या पत्र्यावर ग्लो प्लगांना वीज पुरवणारा पंजाएवढा काळा डबा असतो. बॅटरीकडून एक जाड वायर त्यात येते आणि त्यातून पाच बारीक वायरी पाच प्लगांकडे जातात. जुन्या गाडीत या जोडण्यांवर पांढरट बुरशी धरते, वायरींच्या टोकांची धातूची कडी सैल होतात, आणि प्लगला हवा तेवढा करंट पोचत नाही. मी पाची वायरींची टोकं कापली, नवी कडी बसवली, सोल्डर केली, स्क्रू पॉलिशपेपरने घासून चकचकीत केले. शेवटी जाड वायरीचा मुख्य बोल्ट राहिला. तो दिवस दसऱ्याचा होता.

बायकोने आत पुस्तकांची पूजा केली होती. मग तबक घेऊन ती ड्राइव्हवेत आली. हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू, झेंडूऐवजी दुकानातली पिवळी शेवंती.

"यातलं मुख्य कुठलं हो?" तिने बॉनेटखाली वाकून विचारलं.

"हे," मी उघड्या बोल्टकडे बोट दाखवलं. "सगळं इथूनच जातं."

तिने त्या बोल्टवर चांगलं ठसठशीत बोट ओढलं. वर अक्षता टाकल्या. अक्षता मी नंतर उचलल्या. कुंकू तसंच राहिलं.

आता हे सांगायला हवं की त्याच महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी व्रतवैकल्यांची खिल्ली उडवणारा लेख लिहिला होता, आणि स्वतःच्या विनोदांवर खूश होतो. माझ्या हातात चिंधी होती. बोल्ट पुसायला दोन सेकंद लागले असते. पण कुंकू पुसायचं, तेही तिच्यासमोर, तेही तिला परीक्षेला नेणाऱ्या गाडीचं! हात पुढे गेला नाही. मी वरून वायरीचं कडं बसवलं, नट आवळला आणि डब्याचं झाकण लावलं.

नोव्हेंबरात थंडी पडली तशी गाडी कुरकुरायला लागली. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे डॉक्टर. मंडळात सगळ्यांनी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचं असा संकेत होता. माझ्या बायकोला, जी खरोखरची डॉक्टर होती, ते वहिनी म्हणत. शनिवारी ते चामड्याच्या पेटीतला मीटर घेऊन आले. एकेक प्लगची वायर सोडवून तिच्या टोकाशी मीटर लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा.

"बारा! लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. पाची वायरींना बारा व्होल्ट.

"वायरिंग निर्दोष आहे," त्यांनी निकाल दिला. "प्लग बाद. वहिनी, चहा टाकलात का?"

प्लगला न जोडलेल्या वायरीत करंटच वाहत नाही, त्यामुळे जोडणी कितीही खराब असली तरी मीटर बारा दाखवणारच, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. त्यांना माहीत असायला हवं होतं. पण मीटर त्यांचा होता, आणि पेटीही.

मी पाच नवे प्लग बसवले. त्या आठवड्यात हवा जरा उबदार झाली आणि गाडी झटक्यात सुरू झाली. डॉक्टरसाहेबांनी मंडळाच्या बैठकीत हा किस्सा सांगितल्याचं माझ्या कानावर आलं.

परीक्षेच्या दिवशी पहाटे थर्मामीटरचा पारा शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे सतरा-अठरा सेल्सिअसच्या, जवळ होता. सव्वासहाला बायको पुढच्या सीटवर बसली, मांडीवर पेन्सिलींची पिशवी आणि प्रवेशपत्र. पाच वर्षांच्या मुलीला झोपेतच मागच्या सीटवर नेऊन ठेवायचं होतं; ती अजून घरात होती. पिवळा दिवा पेटला, विझला. मी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि फिरत राहिलं, पण पेटलं नाही. पुन्हा दिवा, पुन्हा किल्ली. चौथ्या वेळेला बॅटरीचा आवाज खाली गेला.

मी आत जाऊन डॉक्टरसाहेबांना फोन केला.

"प्लग नवे आहेत ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग सुरू व्हायलाच पाहिजे."

"होत नाहीये."

"तीन-चार वेळा ग्लो करून बघा, यार. थिअरेटिकली प्रॉब्लेमच नाही."

बाहेर आलो तर बायको तशीच बसलेली, प्रवेशपत्रावरची तीच ओळ वाचत. "टॅक्सी?" तिने विचारलं. तोही फोन मी आत केला होता; टॅक्सी यायला तासभर लागेल असं कंपनीने सांगितलं होतं. मी तिला अर्धा तास म्हणालो. का, ते मलाही कळलं नाही.

शेजारचे म्हातारबाबा चाळीस वर्षं वुस्टरच्या तारेच्या कारखान्यात होते. माझं किल्ली फिरवणं ऐकून ते पायजम्यावर कोट घालून आले. काही विचारलं नाही. मला म्हणाले, "ग्लो कर," आणि हातमोजा काढून हात आधी प्लगच्या वायरींवर, मग त्या काळ्या डब्यावर ठेवला. लगेच उचलला.

"डबा भाजतोय," ते म्हणाले. "डबा गार हवा, प्लग गरम हवा. तुझं सगळं उलटं आहे, पोरा. सगळी उष्णता इथेच खर्च होतेय."

"उघडू?"

परीक्षेचं त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. सात वाजायला आले होते. "तू उघड. बाईंना मी नेतो."

त्यांच्या ट्रकमध्ये बायको चढली. मुलगी घरात झोपलेली, त्यामुळे मी राहिलो. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. मी म्हणालो, "पेन्सिली घेतल्यास ना?" पिशवी तिच्या हातातच होती.

ट्रक गेल्यावर मी झाकण काढलं. बोल्ट आणि कडं यांच्यामध्ये कुंकवाचा थर भाजून काळपट तपकिरी झाला होता, खरवडीसारखा. कडेला मात्र थोडा लाल रंग शाबूत होता. मी तो चिंधीने पुसला, बोल्ट आणि कडं पॉलिशपेपरने घासलं, धातूची चमक दिसेपर्यंत. बॅटरीला चार्जर लावला आणि वाट बघत बसलो. मुलगी उठून पोर्चवर आली.

"बाबा, डिड मम्मा गो?"

"हो."

"देन व्हाय आर यू फिक्सिंग इट?"

साडेआठला मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली. मी ती बंद केली नाही. पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, आणि ती आता कुणासाठी चालू ठेवायची हेही समजत नव्हतं.

ते दोघं दहाच्या सुमाराला परत आले. बॉस्टनच्या आधी रस्त्यावर बर्फ होता. दारापाशी पोचले तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. म्हातारबाबा दारावरच्या माणसाशी भांडले, असं तिने सांगितलं; ती भांडली नाही. म्हातारबाबांनी माझ्याकडे न बघता टोपीला हात लावला आणि घरी गेले.

तिने कोट काढला नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर चिंधी पडली होती. ती तिने उलटून बघितली.

"पुसलंत?"

"हो."

"तेव्हाच का नाही पुसलंत?"

"तू लावलं होतंस."

तिने चिंधी परत ओट्यावर टाकली. मग म्हणाली, "आई प्रत्येक पत्रात विचारते, गाडीची पूजा केली का. तिला खोटं लिहायला नको म्हणून मी लावते. मला वाटलं, मी आत गेले की तुम्ही पुसालच. अंकात एवढं लिहिता."

मी चिंधी उचलून खिशात कोंबली.

"गाडी बंद करा आधी," ती म्हणाली. "धूर घरात येतोय."

मी जाऊन गाडी बंद केली. त्या दुपारी तिने हॉस्पिटलला पत्र लिहिलं. माझं इंग्रजी बरं आहे, मी लिहून देऊ का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. पत्रात कारण एका ओळीचं होतं: गाडी सुरू झाली नाही. त्यांचं उत्तर सभ्य होतं, आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.