नाचुगे आणि सोलरच्या चार प्लेटा

नाकापेलच्या शाळेत मी तिसरीला शिकवायचे आणि नाचुगे पावणेतीनशे पोरांची मक्याची पेज शिजवायची. नवऱ्याने एकदा दारूच्या तारेत तिला गुरासारखं बडवलं, तेव्हा पेज ढवळायच्या लाकडी सराट्याने तिने त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. पुढे तो गुरं लुटायला गेला आणि तिकडेच मेला. "रडलीस का गं?" मी एकदा विचारलं. म्हणाली, "बाई, रडायला बसले असते तर पेज खाली लागली असती."

आमच्या या गुराख्यांच्या मुलखात, कारामोजात, घरात बंदूक नसली तर लोक विचारतात, पुरुष माणूस नाही का? अशा गावात आचिया मास्तरांनी, आमच्या मुख्याध्यापकांनी, दोन वर्षं अर्ज खरडून शाळेच्या पत्र्यावर सोलरच्या चार प्लेटा चढवल्या. सोबत बॅटरीची पेटी आणि तीस टॅब. टॅबमध्ये आमच्या भाषेतली पुस्तकंसुद्धा होती, ओळीवर बोट ठेवलं की मोठ्याने वाचून दाखवणारी. तोवर माझ्या वर्गात अठ्ठावन्न पोरांत चार पुस्तकं होती, आणि त्यातल्या एकाची शेवटची पानं शेळीने खाल्ली होती.

भांडी घासून झाली की नाचुगे ओले हात कमरेला पुसत मागच्या बाकावर येऊन बसायची.

"काय नाचुगे, आता मास्तरीण होणार का?" आचिया मास्तर चिडवायचे.

"आधी माझं नाव दाखवा मास्तर. कसं दिसतं ते तरी बघू द्या."

तीन महिन्यांत ती अडखळत वाचायला लागली.

एका मंगळवारी सकाळी डोंगरापलीकडचे सहा जण बंदुका घेऊन आले. या खेपेला गुरांसाठी नव्हे. तिकडे फोन घरोघर झाले होते, वीज कुठेच नव्हती. दोघं पत्र्यावर चढून प्लेटा उपटायला लागले. आचिया मास्तर वर्गाच्या दारात आडवे उभे राहिले. "अरे, पोरांचं आहे हे. तुमचीही पोरं पाठवा, मी शिकवतो त्यांना."

समोरच्याने हातभर अंतरावरून गोळी घातली. मास्तर उंबऱ्यावरच कोसळले. रक्त वर्गात वाहत आलं तशी पोरं पाय आखडून बाकांवर चढली. तो माणूस मास्तरांना ओलांडून आत आला आणि बंदुकीची नळी पहिल्या रांगेवर धरून ओरडला, "टॅब काढा!"

मी भिंतीला चिकटून उभी होते. खोटं कशाला सांगू, माझे पाय हलले नाहीत.

नाचुगे बाहेरून आली. एका हातात उकळत्या पेजेची बादली, दुसऱ्यात सराटा. तो वळला तशी तिने बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली. पेज पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते. तो किंचाळला आणि आंधळ्यासारख्या त्याने गोळ्या झाडल्या. नाचुगेचं डावं कोपर फुटलं. हात लोंबत असतानाच ती उजव्या हाताने त्याला सराट्याने मारत राहिली, त्याचे साथीदार त्याला ओढून बाहेर नेईपर्यंत. टॅब वाचले. प्लेटा आणि बॅटरी गेली.

दवाखान्यात तिचा हात कोपराच्या वरून कापला. ती परत आली तेव्हा तिचा थोरला भाऊ लोमुरिया गावातली माणसं जमवत होता.

"तुझ्या हाताचा सूड घेतो," तो म्हणाला.

"हात माझा आहे. तू प्लेटा आण, नाहीतर घरी बस."

ते गेले. तिकडची चार माणसं मारली, त्यात एक चालता न येणारा म्हातारा. आमचे दोघं मेले. बाकीचे गाणी म्हणत चाळीस गाई हाकत आले.

"प्लेटा?" नाचुगेने विचारलं.

लोमुरिया हसला. "प्लेटा दूध देतात का गं?"

उन्हाळ्यात दोन्हीकडच्या बायका एकाच कोरड्या नदीत झिरे खणून पाणी भरतात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. नाचुगे मला घेऊन तिथे गेली. तिचा थोटा हात बघून पलीकडची एक म्हातारी उठली. नाकुत तिचं नाव, त्या भाजलेल्या माणसाची आई. तिने पाण्याचा भोपळा नाचुगेच्या डोक्यात फोडला. दोघी वाळूत लोळल्या, एकमेकींना चावल्या, ओरबाडलं. बायकांनी ओढून बाजूला केलं.

"माझ्या पोराचा डोळा गेला, रांडे!"

"आमचे मास्तर गेले. आणि हे बघ, माझा हात."

दोघी धापा टाकत बसल्या. मग नाकुत म्हणाली, "आमच्याकडे दुधावाचून पोरं मरायला लागलीत. गाई दे."

"प्लेटा आण."

तीन दिवसांनी भर दुपारी, पुरुष झाडाखाली ज्वारीची दारू पीत बसले असताना, आम्ही बारा जणींनी गोठ्याचं काटेरी कुंपण ओढून काढलं आणि गाई नदीकडे हाकल्या. नाकुत आणि तिच्या बायका डोक्यावर प्लेटा घेऊन आल्या होत्या. एका प्लेटेला गोळीचं भोक होतं. बॅटरी चामड्यात गुंडाळलेली. गाई पलीकडे गेल्या, प्लेटा आमच्या डोक्यावर आल्या.

परतलो तर लोमुरिया गुरं हाकायची काठी घेऊन वाटेत उभा होता. काठी मोडेस्तोवर त्याने तिला मारलं. पाठीची सालटी निघाली. एका हाताने ती फक्त डोकं झाकत होती. या वेळी माझे पाय हलले. मी मध्ये पडले आणि माझी दोन बोटं मोडली. मग बाकीच्या बायका मुसळं घेऊन धावल्या, तेव्हा तो थांबला.

"कुणाची बहीण आहेस तू?" तो ओरडला.

रक्त थुंकून नाचुगे म्हणाली, "तुझीच. म्हणून तर अजून उभी आहे."

तीन प्लेटा पत्र्यावर चढल्या. लुटालूट थांबली नाही; त्याच वर्षी आणखी दोनदा गोळ्या चालल्या, पण शाळेकडे कोणी आलं नाही. नवे मुख्याध्यापक यायला पाच महिने लागले. तोवर दुपारी धाकट्या पोरांना नाचुगेच घेऊन बसायची. टॅब मांडीवर, अंगठ्याने पान सरकवत मोठ्याने वाचायची.

लोमुरिया अजून तिच्याशी बोलत नाही. मात्र त्याची धाकटी मुलगी पहिलीत आहे. तिला आत्याच अक्षरं दाखवते, आणि ती चुकली की म्हणते, "बापासारखी घाई करू नकोस."