समुदायाचा फोन नंबर

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची स्टेडियम उभी राहत होती तेव्हा मी दोह्यातल्या एका वृत्तपत्रात उपसंपादक होते. डेस्कचा नियम होता: बातमीत ज्याच्यावर जबाबदारी येते, त्याचा फोन नंबर समासात हवा. नसेल तर बातमी थांबते.

पहिल्या पानासाठी मी प्रथमच बातमी मागून घेतली होती. इंटरनेटच्या पत्त्यांच्या मूळ यादीवरची देखरेख अमेरिकी सरकार दुसऱ्या दिवसापासून सोडणार होतं. ती इंटरनेट समुदायाकडे, म्हणजे जगभरचे तंत्रज्ञ, कंपन्या नि वापरणारे यांच्याकडे, जाणार होती. सरकारचा नंबर मिळाला, समुदायाचा मिळेना. मग आमच्या अल अझीझिया भागातल्या एका शेजाऱ्यांना फोन केला. ते नेटवर्क इंजिनिअर, मूळचे नाशिकचे.

"वहिनी, समुदाय म्हणजे आम्हीच की! मी चर्चेच्या मेलिंग लिस्टवर आहे. लिहा माझा नंबर."

"यादीत गडबड झाली तर उत्तर तुम्ही द्याल?"

"छे हो! मी ते ईमेल नुसते वाचतो."

नंबर मी लिहिला नाही. पहिल्या पानावर स्टेडियमच्या छपराचा फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या साइट नेहमीसारख्या उघडल्या. शेजारी जिन्यात हसले. "काय वहिनी, पडलं का काही बंद?"

काहीच बंद पडलं नव्हतं. पडलं असतं तर ज्याला फोन लावायचा, त्याच्या नंबरची समासातली जागा मात्र अजून कोरीच होती.