आडव्या खाचांचा दगड

नदीकाठचा जुना धक्का मी मोडला. हे असं सरळ लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं.

दुष्काळ होता. गोदावरीच्या पात्रात नुसती वाळू. सोसायटीला बियाण्यासाठी गोदाम बांधायचं होतं आणि दगड जवळपास मिळत नव्हता. काठावर मात्र घडीव दगडांची रांग उभी रोवलेली होती. त्यांच्यावर दोराने घासून बोटभर खोल खाचा पडलेल्या. आमच्याकडे दोराची खाच म्हटली की विहीरच आठवते. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ठरावात लिहिलं, ‘पडक्या विहिरीचे दगड.’

बैठकीत गावचा नावाडी उठला. “सायब, विहिरीत दोर वर-खाली जातो. हितं खाचा आडव्या हायेत. आमच्या आज्याच्या टायमाला उमापूरकडचा कापूस हितं नावंत चढायचा. नावा बांधायचा धक्का हाय ह्यो.”

“नदीत प्यायला पाणी न्हाई, अन् ह्याला नाव दिसती!” कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मीही हसलो. आदल्या दिवशीच मी त्या खाचांतून बोट फिरवलं होतं. आडव्याच होत्या. तरी ठराव बदलला नाही.

गोदाम झालं, गिलावा झाला. गेल्या उन्हाळ्यात गिलाव्याचा पोपडा पडला आणि आतला खाचांचा दगड उघडा झाला. जवळ जाऊन पाहिलं, तर खाचा उभ्या! क्षणभर जीव हलका झाला. विहीरच असेल मग. नंतर लक्षात आलं, उभा दगड गवंड्याने भिंतीत आडवा टाकला होता.

नावाड्याला बोलावून आणलं. तो आता काठी टेकत चालतो. दगडापुढे त्याने मान खांद्यावर कलती केली आणि बराच वेळ तसाच बघत राहिला.

“मला तेव्हाच कळलं होतं,” मी म्हणालो. “तरी विहीर लिहिलं.”

“तुमाला कळलंय, हे मला बी कळलं व्हतं. हसताना तुमी खाली बघत व्हते.”

मग मला राहवेना. नाव केवढी असायची? एका वेळी किती लागायच्या? पूर आला की दोर कुठल्या दगडाला जायचा? एका दमात सगळं विचारलं. हे सांगणारा आता गावात दुसरा कुणी नाही.

“आधी दगड उभा करा,” तो मान चोळत म्हणाला. “मग सांगतो. असं बघून मान लई दुखती.”

सोमवारी बैठक आहे. ठराव मी लिहून ठेवलाय: ‘धक्क्याचा दगड भिंतीतून काढून काठावर उभा रोवणे.’