उशिरा पडणारा ठोसा

यावलला माझं बियाण्यांचं दुकान आहे. दुकान बंद करून घरी आलो की जेवणाआधी मी ऑनलाइन फायटिंग गेम खेळायला बसायचो. चाळिशीला आलेला बाप्या हातात कंट्रोलर धरून पडद्यावर मारामाऱ्या करतो, याचं वडिलांना अजून नवल वाटतं.

माझा रोजचा जोडीदार धुळ्याचा. तिथल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो, माझ्याहून बराच लहान. लांबच्या खेळाडूंशी खेळलं की पडदा अडकायचा. त्याच्याशी मात्र लाइन स्वच्छ लागायची. आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण तो कधी उडी घेणार हे मला आधी कळायचं.

मागच्या वर्षी माझे ठोसे उशिरा पडायला लागले. या खेळात पापणी लवेपर्यंतचा उशीरही पुरे होतो. मी बटण दाबायचो, तोवर मार बसून गेलेला असायचा. आमच्याकडे केळीचे उंच भरलेले ट्रक रस्त्यावरची वायर ओढून नेतात, त्यामुळे लाइन बिघडणं नवं नव्हतं. हेडफोनवर मी त्याला म्हणालो, "आज फार लॅग आहे रे."

"भाऊ, मन्ही लाइन बठ्ठी बरोबर शे," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला; त्याच्याकडे सगळं ठीक होतं. "तुन्हाकडेच काही शे."

मी लाइनवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, इंटरनेटचा डबा बदलला, आपल्या मोबाइलवर वेग दाखवला. सगळं ठीक होतं. तरी मी हरत राहिलो. मी त्या पोराला शिव्या घातल्या. त्याने बिचाऱ्याने नवीन कंट्रोलर घ्यायला सुचवलं, तोही घेतला.

दिवाळीनंतर धुळ्याला एका हॉलमध्ये स्पर्धा ठेवली होती. समोरासमोर, एकाच यंत्रावर, इंटरनेटचा संबंध नाही. मी सकाळची एसटी धरली. तो स्टँडवर घ्यायला आला होता; आवाजावरून वाटला त्याहून बारीक, चष्मेवाला. पाया पडायला वाकला तसा मी त्याला मिठीच मारली.

स्पर्धेआधी सरावाला आम्ही शेजारी बसलो. पहिल्याच डावात तो उडी घेणार हे मी ओळखलं. बटण दाबायचं ठरवलं. आणि मार खाल्ला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने आपला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "आते ते मधमा वायरच नही शे." खरंच, आता आमच्या मध्ये वायर नव्हतीच.

मी स्पर्धेत उतरलो नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटून बघत होतो. डावा हात पटपट चालायचा. उजवा दोन-चार वेळा चालून आखडायचा. शर्टाची बटणं लावायला मला वेळ लागतो, असं बायको उन्हाळ्यापासून म्हणत होती. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

जळगावच्या डॉक्टरांनीही तेच करायला लावलं. मग हात झुलवत चालून दाखवायला सांगितलं. उजवा हात झुलत नव्हता.

"कंपवात आहे," ते म्हणाले.

"पण माझे हात थरथरत नाहीत, साहेब."

"सगळ्यांचे थरथरत नाहीत. काहींना आधी मंदपणा येतो. गोळ्यांनी हालचाल सुधारेल. आजार मात्र राहील, आणि वाढत जाईल."

बायको बाजूच्या खुर्चीवर होती. तिने पदर तोंडाला लावला. मी डॉक्टरांना विचारलं काय, तर गेम खेळता येईल का. त्यांना प्रश्न नीट कळला नसावा. "व्यायाम म्हणून काहीही करा," म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं आणि एकदा खेळायला बसलो. चक्क जिंकलो. दुसरा डावही जिंकलो. तिसऱ्यात पडद्यावरचा त्याचा गडी माझ्यासमोर मोकळा उभा राहिला, हात खाली सोडून, माझा ठोसा येईपर्यंत.

"असं करू नको," मी म्हणालो.

 हेडफोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला. "काय करू भाऊ मी, मग?"

 मी खेळ बंद केला.

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. रविवारी त्याचा फोन येतो. गोळ्या घेतल्या का, एवढं विचारतो, आणि मग आम्ही पावसाबद्दल, त्याच्या क्लासबद्दल बोलत राहतो.