सहाच्या सहा पास

खरा आनंद आणि भाड्याने आणलेला आनंद यांतला फरक नुसत्या कानाने ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या ताईचा नवरा. फरीदाबादला राहणारे आमचे हे भाऊजी नोएडातल्या एका स्टुडिओसाठी जाहिरातींचं संगीत निवडून देत. नव्या वाहिन्या, नवे फ्रिज, नव्या वसाहती असा तो काळ होता, आणि या सगळ्या नव्या मालामागे वाजायला मात्र वीस वर्षांपूर्वीच्या उडत्या चाली हव्या असत. सिंथेसायझरवर तसे बिनशब्दांचे तुकडे तयार करून त्यांच्या कॅसेटी भाऊजींकडे येत. दहांतला एक पास झाला तरी बनवणारा स्टुडिओत मिठाई वाटे.

ऐकायला बसण्याआधी भाऊजी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालत. चालीची मुलाखत घ्यायची तर लुंगीवर कशी घेणार, म्हणत. मग पंखा बंद, भर मे महिन्यातसुद्धा. आम्ही घामाने निथळत असायचो आणि ते डोळे मिटून वहीत शेरे लिहीत असायचे. ‘हसतो, पण दात मोजून.’ ‘कुकरला चालेल, स्कूटरला नको.’ एका तुकड्याला त्यांनी ‘लग्नाला आलेला इन्स्पेक्टर’ एवढाच शेरा दिला, तेव्हा स्टुडिओतल्या मुलांनी मला फोन करून अर्थ विचारला होता. मलाही तो सांगता आला नाही. पानिपतच्या एका चादरींच्या कारखान्याच्या फिल्मसाठी तर ते टेपरेकॉर्डर घेऊन थेट मागापाशी जाऊन बसले. विणकराचा हात चालीबरोबर चालतो का, हे अर्धा दिवस पाहिलं आणि परतताना म्हणाले, “फार घाईत आहे यार हा तुकडा. सुखी माणसाला कुठली बस पकडायची असते?”

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, आधी वरचे सूर, मग माणसांचं बोलणं. डॉक्टरांनी दिलेल्या मशीनमधून सगळ्याच चाली पत्र्यावर खडे पडल्यासारख्या वाजत. स्टुडिओला त्यांनी हे कळू दिलं नाही. काम सुटलं तर आपण कोण उरतो, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, पण त्या घरात पाऊल टाकलं की ते जाणवे. त्यांनी नवी रीत काढली. कॅसेट लावायची, समोर ताईला बसवायचं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून निकाल लिहायचा. तिला संगीतातलं काही कळत नाही, तेव्हा तिचा चेहरा खोटं बोलणार नाही, असा त्यांचा हिशेब.

गुडगावच्या एका नव्या वसाहतीच्या फिल्मसाठी सहा तुकडे आले. ताई समोर बसली. ते तिच्याकडे असे पाहत होते, की ती पहिल्याला हसली. दुसऱ्यालाही हसली. सहाव्यापर्यंत हसतच राहिली.

दोन दिवसांनी स्टुडिओचा फोन आला तो मी घेतला. पलीकडचा मुलगा चाचरत म्हणाला, “सर ने छहों पास कर दिए? तबीयत तो ठीक है ना?”

मी ते कागदावर लिहून भाऊजींपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि ताईकडे पाहिलं.

“हाच माझा धंदा,” ते म्हणाले, “आणि तुझं हसणं मला ओळखता आलं नाही.”

“तुम्ही इतक्या आशेने बघत होतात,” ताई म्हणाली. तिच्या ओठांवरून त्यांना ते समजलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः नोएडाला गेले, खरं काय ते सांगून काम सोडून आले. रागावले नाहीत. त्यानंतर मात्र टीव्हीवर जाहिरात लागली की ताईला विचारत, “कशी आहे?” ती मान हलवून ‘बेकार’ म्हणे, आणि ते लहान मुलासारखे खूश होत.

या थंडीत भाऊजी गेले. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर, नर्स, मी, सगळेच त्यांच्या खाटेशी हसतमुखाने येत-जात होतो. त्यांनी आमच्यापैकी कुणाला काही विचारलं नाही. एका दुपारी ताईकडे पाहून विचारलं, “कशी आहे माझी तब्येत?”

ताई हसली नाही. तिने हळूच नकारार्थी मान हलवली. भाऊजींनी तिचा हात हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली.