मधल्या बोटाखालचा खटका

दिवाळीच्या आधी वडवणीजवळच्या आमच्या शेतात कडबा कुट्टीच्या यंत्रात माझा उजवा हात गेला. बोटं राहिली, पण अंगठ्याजवळचं आणि मधलं, या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. बीडच्या डॉक्टरांनी त्या जोडल्या. टाके काढताना ते म्हणाले, बोटं वाकतील, किती ते आत्ता सांगता येणार नाही.

मी एका दैनिकात बातम्या तपासतो. ते काम डाव्या हाताने निभत होतं. लग्नसराईत मात्र मी चुलत्यांच्या बँडमध्ये मोठा पितळी बाजा वाजवतो. बँडचा खालचा सूर तोच धरतो. त्याचे तीन खटके उजव्या हाताखाली येतात. डाव्या हाताने बाजा पेलायचा असतो. आधी तो वडील वाजवायचे. तो गेला तर त्यांचं माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

रोज गरम पाण्यात हात बुडवून कणकेचा गोळा दाबायचा होता. गोळ्यावर अंगठ्याचा आणि शेवटच्या दोन बोटांचा ठसा उमटे. मधे कणीक तशीच राही. बायको गोळा उचलून बघायची आणि पुन्हा मळायची.

फुंक शाबूत होती. खटका न दाबता निघणारे सूर भरदार येत. सूर बदलायचा झाला की बोट खटक्यावर नुसतं टेकून राही. बोटांना सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून मनगटाच्या जोराने दाबून पाहिलं. खटका खाली जाईपर्यंत चाल पुढे गेलेली असे. हात सुजला. डॉक्टरांना ते सांगितलं नाही.

तालमीला काकांनी हात बघितला. "लगीन तोंडावर हाय. दुसरा बघू का?"

"नका, काका. वाजवतो मी."

"कशानं? नाकानं?"

क्लॅरिनेटवाला म्हणाला, "ह्याला घोड्यावर बसवा बे, अन् बाजा नवरदेवाला द्या!"

सगळे हसले. मीही हसलो.

"तर मंग डमी म्हणून चाल," काका म्हणाले. लग्नघरी वाद्यं मोजून ठरलेली असतात. कुणी आजारी पडला तर गणवेश घालून, वाद्य ओठाला लावून, न फुंकता चालणारा तो डमी. मी नाही म्हणालो. काकांनी माझा शब्द मानला.

लग्नाच्या दिवशी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापाशी आला. नवरदेव घोड्यावरून उतरतो तिथे वाजणं तुटू द्यायचं नसतं. तिथेच चाल बदलते, आणि बदल बाजावाला आधी घेतो. काकांनी माझ्याकडे मान वळवली. मी खटका दाबला. बोट पांढरं पडलं, पण खटका खाली गेला नाही. सूर जुनाच निघाला. कुणी जुन्या चालीत राहिलं, कुणी नव्या चालीत शिरलं, आणि मग सगळेच थांबले. घोड्याच्या गळ्यातली घुंगरं तेवढी ऐकू आली.

"कावून थांबलं रं? बंद पडू नये इथं!" नवरदेवाची आत्या ओरडली.

काकांनी ट्रम्पेट उचलून चाल धरली. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "आता फुंकू नको. गाल फुगव."

मांडवापर्यंत मी गाल फुगवून चाललो. बाजा चमकतो म्हणून शूटिंगवाल्याने मला पुढे घेतलं.

परतताना टेम्पोत काकांनी उमापूरच्या एका बाजावाल्याला फोन लावला. बाजा माझ्या मांडीवर होता.

"बाजा आणू नको," काका त्याला म्हणाले. "आमच्याकडं हाय."