मोजून सात जोड्या

पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि त्यातल्या निम्म्याच कपड्यांच्या घड्या झाल्या होत्या. चादरी झाल्या, टॉवेल झाले, नवऱ्याचे शर्ट झाले. उरलं ते सगळं चिल्लर: पोरीचे फ्रॉक, रुमाल, मोजे. घड्या घालून तिच्या कमरेत कळ आली होती, डोळ्यांवर झोप होती आणि घड्याळात सकाळचे सव्वाआठ झाले होते.

"मोजे राहू दे. ते माझं खातं," सासरे खुर्चीतून म्हणाले. सारा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला माणूस. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पायऱ्या मोजत, औषधाच्या गोळ्या मोजत, पाहुणे आले की दारातल्या चपला मोजत. "नावातच आहे बघ. मोजे. मोजायचेच ते. चौदा होते, सात जोड्या केल्या. कमी नाही, जास्त नाही."

"तुम्ही आहात म्हणून चाललंय, बाबा," ती म्हणाली आणि वरचीच जोडी उचलून पायात चढवली.

तेवढ्यात ऑफिसातल्या मोठ्या मॅडमचा फोन आला. रात्रभर चालवलेल्या चाचण्या सगळ्याच्या सगळ्या पास झाल्या होत्या. तीन वाजेपर्यंत तिची सही झाली की नवं सॉफ्टवेअर संध्याकाळी गिऱ्हाइकांकडे रवाना. ढीग तसाच टाकून ती निघाली.

ऑफिसात तिला वाळवी म्हणत. तिचं काम ऐकलं की माणसाला वाटायचं, ही थट्टा करतेय. तिची कंपनी इस्पितळांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस बनवत असे. लाखो नोंदींतून हवी ती चटकन सापडावी म्हणून त्याला इंडेक्स असतो, पुस्तकाच्या शेवटी असते तशी यादी: अमक्याचं नाव, तमक्या जागी. ही यादी कधीकधी बिघडते, आणि वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून ती बिघडली की बोंब मारणारा एक तपासनीस प्रोग्राम डेटाबेसमध्येच बसवलेला होता. तो खरंच बोंब मारतो का, हे पाहायला यादी मुद्दाम बिघडवावी लागे. चार वर्षं ती तेच करत होती. "घरात जोडते आणि तिकडे जाऊन मोडते," असं सासरे आल्यागेल्याला सांगत, आणि त्यात थोडा अभिमानही असे.

मोठ्या मॅडम स्वतः कधी काही वाचत नसत. "वाळवीने पाहिलंय ना? मग झालं." त्या एवढंच विचारत आणि खाली आपली सही ठोकत. वाळवीचा हुद्दा साधा, बसायची जागा जिन्याजवळ, पगारवाढीच्या वेळी नाव शेवटून दुसरं. त्या इमारतीत तिच्या मालकीचं म्हणाल तर मॅडमचं हे एक वाक्य होतं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये तिने देवाचं नाव घेतलं. दिवसभरात तेवढाच वेळ तिला कुणी काही विचारत नसे. जागेवर बसल्यावर सवयीने टेबलाखाली बूट काढले, पाय थोडे मोकळे केले, आणि खाली पाहिलं. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात गडद निळा.

ती मनातल्या मनात हसली. चौदा मोजे, सात जोड्या. मोजणी चोख आणि जोडी मात्र भलतीच. बाबांना बिचाऱ्यांना आता नीट दिसत नाही, आपणही पाहिलं नाही.

मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने चाचण्यांची यादी उघडली. एकूण एकेचाळीस तऱ्हांनी ती इंडेक्स मोडत असे. एक ओळ काढून टाक. एक ओळ जास्तीची घुसव. एक पान फाड. तेच पान दोनदा चिकटव. ती खाली खाली वाचत गेली. प्रत्येक मोडतोडीत आकडा एक तर कमी व्हायचा नाही तर जास्त. आकडा तोच राहिला आणि आतला माल चुकला, अशी एकही मोडतोड तिने चार वर्षांत केली नव्हती.

का केली नव्हती, तेही तिला लख्ख आठवलं. कामाला लागली त्या आठवड्यात तिने तपासनीस लिहिणाऱ्या दाढीवाल्याशेजारी खुर्ची ओढली होती आणि विचारलं होतं, "तुझा तपासनीस बघतो तरी काय काय?" त्याने सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं आणि नेमकं तेवढंच मोडत राहिली. पेपर काढणाऱ्यालाच विचारून अभ्यास केला, मग पहिला नंबर चुकतोय कशाला.

तिने दोन खोटे रुग्ण तयार केले आणि यादीत त्यांच्या जागांची अदलाबदल केली. तपासनीस चालवला. पडद्यावर उत्तर आलं, दोष आढळला नाही. मग पहिल्याच्या नावाने नोंद मागितली, तर दुसऱ्याचा रक्तगट समोर आला. तिने पुन्हा करून पाहिलं, आणि चहा गार झाल्यावर आणखी एकदा. तपासनीस आपला हूं नाही की चूं नाही.

"आज सहीचा दिवस ना? तोंड का असं?" दाढीवाला कप घेऊन आला.

"तुझा तपासनीस नुसता मोजतो रे."

तो वाकून पडद्याकडे बघत राहिला. दाढी खाजवून झाली. "पटकन उरकावं म्हणून तसं केलं होतं. पण अशी अदलाबदल होते कुठे? काहीतरी लिहिता लिहिता मधेच वीज गेली तर. वर्षातून एकदा."

"इस्पितळात वीज जातच नाही वाटतं."

"जाते." त्याने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, सोमवारी मी गुपचूप दुरुस्त करतो. पुढच्या खेपेला जाईल सगळ्यांकडे. आज सही करून टाक. माझी चूक निघाली तर तुझीही निघेल, आणि तुझी चार वर्षांची निघेल."

"ते मला नको सांगूस."

"मग कोण सांगणार? या मजल्यावर तुझ्या शब्दावर माल जातो, वाळवे. एकदा गेला तो शब्द की गेला."

तो गेला. थकलेल्या माणसाला खोटं सोपं जातं, कारण खरं बोललं की मागून कामांची रांग लागते. सही करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. चार वाजता घरी, साडेचारला पलंगावर. देव क्षमा करतो म्हणतात, करतही असेल. पण भलत्याचं रक्त चढलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

पावणेतीनला बूट चढवून ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे एकेचाळीस चाचण्या पास झाल्या, त्या खोट्या?"

"खोट्या नाहीत. पण त्याला येतं तेवढंच मी विचारत होते."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि मी गावभर सांगत फिरते, वाळवीने पाहिलं की..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग फोन उचलून रवानगी थांबवली. "यापुढे तुझ्या चाचण्यांच्या याद्या आणखी कुणीतरी तपासेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही."

वाटलं होतं. पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

"जुनं सॉफ्टवेअर किती ठिकाणी चालू आहे?"

"अकरा इस्पितळांत. सगळीकडे माझीच सही आहे." तिने दाराची कडी धरली. "फोनवर विचारून भागणार नाही. त्यांना दोष दिसणारच नाही. यादी आणि नोंदी समोरासमोर ठेवून एकेक ताडून बघावी लागेल. मीच जाते."

"एकटी?"

"दाढीवाल्याला घेते. त्याला फक्त मोजू देणार नाही."

मॅडमना हसू आलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

जागेवर येऊन तिने अकरा नावं एका कागदावर उतरवली. सगळ्यात जुनी प्रत पुलापलीकडच्या बाळंतपणाच्या इस्पितळात होती, म्हणून ते नाव वर घेतलं आणि तिथल्या कारकुनाला फोन केला. तो म्हणाला, उद्या अर्धा दिवस आहे, यायचं तर सकाळी आठलाच या. सकाळी आठला तिला तिथे पोचायचं होतं.